पायाशी बसलेले श्वान

दत्तभक्तहो, महाराजांच्या तसबिरीला आपण हात जोडतो. पण पायाशी बसलेल्या चार श्वानांकडे किती जणांची नजर जाते? ते चार वेद, एवढे म्हणायचे आणि प्रसादाच्या रांगेत लागायचे! आज जरा थांबू या.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा मॉरिस फ्रँक हा आंधळा तरुण १९२८ साली स्वित्झर्लंडला गेला आणि बडी नावाची शिकवलेली कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या रस्त्यापार तिने त्याला पत्रकारांदेखत सुखरूप नेले.

आता गंमत ऐका. कुठे जायचे, ते कुत्र्याला ठाऊक नसते. ते धन्याने सांगायचे. वाहनांचा कानोसा घेऊन ‘चल’ म्हणायचे, तेही त्यानेच. पण मोटार अंगावर येत असेल तर कुत्रा जागचा हलत नाही. चक्क हुकूम मोडतो! तसे त्याला मुद्दाम शिकवलेले असते. आणि धनी? त्याला मोटार दिसतच नाही. हातातली पट्ट्याची दांडी थांबली, एवढेच कळते. तेवढ्यावर आपणही थांबायचे. सेवकाचे ‘नाही’ मानायला केवढी श्रद्धा लागत असेल हो!

माझा मोतीबिंदू पिकला होता तेव्हाची गोष्ट. घाटाच्या पायरीवर नातवाने दंड धरला, “आजोबा, थांबा.” मी हात झिडकारला. “मला शिकवतोस?” पायरी शेवाळलेली होती. महिनाभर पाय प्लास्टरमध्ये. समोर भिंतीवर तसबीर. त्यातले श्वान तेवढे अंधुक दिसत. आणि उशाशी बसून तोच नातू पोथी वाचून दाखवी.