साक्षीदार कोणाचा?

हा फिर्यादीचा साक्षीदार, तो बचावाचा, असे फौजदारी खटल्यांतील साक्षीदारांचे गट आपण सहज पाडतों. फिर्यादी पक्षानें बोलाविलेला मनुष्य ऐन वेळीं त्याला अडचणीचें असें कांहीं बोलला, म्हणजे तो ‘फितूर’ झाला असें दुसरे दिवशीं वर्तमानपत्रांत छापून येतें. फितूर हा शब्द गडकोटांच्या वेढ्यांतला. ज्यानें धन्याचें अन्न खाल्लें आणि रात्रीं शत्रूला दरवाजा उघडून दिला, त्याला तो शोभतो. साक्षीदारानें कोणाचें अन्न खाल्लें होतें?

कायद्यानें तर हा शब्द वापरलेलाच नाहीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत तो नव्हता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि नाहीं. ज्यानें साक्षीदार बोलाविला त्यालाच, उलटतपासणींत विचारतात तसे प्रश्न विचारण्याची मुभा न्यायालय देऊं शकतें, एवढेंच तेथें आहे. आणि अशी मुभा दिल्यावरहि त्या साक्षीचा विश्वासार्ह भाग जमेस धरण्यास प्रत्यवाय नाहीं. पैशानें किंवा धाकानें जबानी फिरविणारे पुष्कळ असतात, हें मला नाकारावयाचें नाहीं. परंतु त्यांचा अपराध खोटें बोलण्याचा आहे, पक्ष सोडण्याचा नव्हे. न पाहिलेल्या पंचनाम्यावर सही करून न्यायालयांत तो इमानानें वदणारा पंच कधींच ‘फितूर’ होत नाहीं, हेंहि येथें ध्यानांत घ्यावें.

साक्षी म्हणजे डोळ्यांनीं पाहणारा. वेदान्तांतला साक्षी पाहतो आणि अलिप्त राहतो. पिंजऱ्यांत उभा राहणारा साक्षी मात्र कोणाचा तरी मुलगा, शेजारी किंवा ऋणको असतो. खरी अडचण येथून सुरू होते.

समजा, खुनाचा आरोप असलेला एक गृहस्थ म्हणतो कीं, त्या रात्रीं मी घरीं झोंपलों होतों. हें सांगणार कोण? रात्रीं दहानंतर सामान्य संसारी माणसाला आई व बायको यांच्यावांचून पाहतें कोण? म्हणजे त्याला मिळण्याजोगी साक्ष नेमकी त्यांचीच, ज्यांच्यावर विश्वास ठेवूं नये असें आपलें मन आधींच ठरवून बसलेलें असतें. निरपराध मनुष्य पुरावा जमवून अंथरुणाला पाठ टेकीत नाहीं. उलट, ज्याला गुन्हा करावयाचा असतो त्यालाच चार परके साक्षीदार आधीं सिद्ध ठेवण्याची बुद्धि सुचते!

हा अविश्वास जुना आहे. इंग्लंडांत १७०२ पर्यंत गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत आरोपीच्या साक्षीदारांना शपथच देत नसत. राजाविरुद्ध शपथ कशी घ्यावयाची? त्यांचें बोलणें ऐकून घेत, पण तें शपथेवर नसल्यामुळें त्याचें वजन कमी, हें ओघानेंच आलें. आपल्याकडे, पूर्वीं नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले व्हिव्हियन बोस यांनीं १९५३ सालीं सर्वोच्च न्यायालयांत असें प्रतिपादिलें कीं, मृताचा नातेवाईक एवढ्यावरून साक्षीदार अविश्वसनीय ठरत नाहीं; जवळचा आप्त खऱ्या गुन्हेगाराला सोडून निरपराध्याला सहसा गोंवणार नाहीं. युक्तिवाद मार्मिक आहे, पण तो आरोपीच्या आईला लागू पडत नाहीं. तिला खोटें बोलण्याचें कारण आहे, हें मान्यच केलें पाहिजे. मात्र कारण असणें म्हणजे खोटें बोलणें नव्हे.

१९८१ सालीं सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनीं याच मुद्यावर स्पष्ट बजावलें: दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांना समान वागणूक द्यावी, बचावाच्या साक्षीदारांविषयींचा उपजत अविश्वास न्यायालयांनीं सोडावा, ते पुष्कळदां खोटें बोलतात, पण फिर्यादीचेहि बोलतात. आणि गंमत अशी कीं, त्या खटल्यांत आरोपीची ‘मी तेथें नव्हतों’ ही सबब टिकली नाहीं. त्याच्या साक्षीदारांचें म्हणणें सर्वस्वीं खरें धरलें, तरी साडेआठला कारखान्यांत असलेला मनुष्य नऊला घटनास्थळीं पोहोंचूं शकत होता. अंतरच तेवढें थोडें होतें. ही वागणूक मला आदर्श वाटते. साक्षीदार कोणाचा, हें न पाहतां तो काय सांगतो, हें तेथें तोललें गेलें.

न्यायाधीशाचें कर्तव्य असें सांगतां येतें. साक्षीदाराचें सांगणें इतकें सोपें नाहीं. सत्य, संपूर्ण सत्य आणि सत्याखेरीज कांहीं नाहीं, अशी तो शपथ घेतो. पण पिंजऱ्यांत त्याला विचारलें तेवढेंच बोलावयाचें असतें. धर्मराजाचा रथ ज्या उद्गारानें भुईला टेकला, त्यांतहि खोटा शब्द एकहि नव्हता. आपल्या गृहस्थाची आई शपथेवर सांगते कीं, दहा वाजतां मुलगा जेवून झोंपला. हें अक्षरशः खरें आहे. मध्यरात्रीं दाराची कडी वाजलेली तिनें ऐकली होती. मुलाच्या वकिलानें तें विचारलें नाहीं. सरकारी वकिलाला सुचलें नाहीं. कोणी विचारील म्हणून ती क्षणभर थांबते, मग पदर सांवरून खालीं उतरते. तिच्या जबानींत, कायद्यानें पाहिलें तर, खोटें असें कांहींच नसतें.