हे प्रक्षिप्त आहे!

नाशकात घर असलेल्या माणसाला फुकटचा गाईड व्हावंच लागतं. पाहुणे येतात ते रामाच्या दर्शनाला. आमच्याकडे नुसते उतरतात. रामकुंड, सीतागुंफा, तपोवन, काळाराम आणि जाताना चिवडा, हा मार्ग मी इतक्यांदा तुडवला आहे की प्रत्यक्ष रामचंद्रांनीही पंचवटीत एवढी पायपीट केली नसेल. शिवाय त्यांचा वनवास चौदा वर्षांत संपला.

मागे ठाण्याचा मावसभाऊ सहकुटुंब आला. बरोबर त्याची नऊ वर्षांची नात. तपोवनात शूर्पणखेचं नाक कापल्याची जागा दाखवतात. तिथं उभं राहून मी नेहमीचं पाठांतर म्हटलं, "या नाकावरून, म्हणजे नासिकेवरून, आमच्या गावाला नाशिक नाव पडलं असं म्हणतात बरं का!" मोठी माणसं या वाक्याला मान डोलावतात आणि फोटो काढतात. या पोरीनं विचारलं, "पण आजोबा, तिनं केलं काय होतं?"

"लग्नाची मागणी घातली."

"मग नाही म्हणायचं."

"म्हणाले ना! राम म्हणाला, माझं लग्न झालंय, माझ्या भावाला विचार. भाऊ म्हणाला, मी पडलो त्याचा सेवक, तू त्यालाच विचार."

"म्हणजे चेष्टा केली तिची."

"मग ती चिडून सीतेला खायला धावली." मी हुकमाचं पान टाकलं.

"ते वाईटच," बाईसाहेबांनी निकाल दिला. "पण लक्ष्मणाचं पण लग्न झालं होतं ना? ऊर्मिलेशी?"

मी मावसभावाकडे पाहिलं. तो एकाएकी उसाच्या रसाचं दुकान शोधायला लागला होता.

आता खरं सांगायचं तर हा प्रश्न त्या पोरीचा एकटीचा नाही. वाल्मीकीच्या रामायणात राम शूर्पणखेला लक्ष्मण 'अकृतदार' आहे असं सांगतो. सरळ अर्थ, बिनलग्नाचा. सत्यवचनी राम खोटं कसं बोलेल? जुने संस्कृत टीकाकार या एका शब्दापाशी घाम पुसत बसलेले दिसतात. कुणी म्हणतं, याचा अर्थ 'बायको सध्या जवळ नसलेला' असा घ्या. कुणी म्हणतं, थट्टेत बोललेलं खोट्यात धरत नाहीत. (हा दुसरा नियम मी घरी वापरून पाहिला. आमच्या सौभाग्यवतींना तो मान्य नाही.)

माझ्यासारखा माणूस म्हणजे थोडा भाविक, थोडा शिकलेला, आणि दोन्ही अर्धवट. त्याच्या डोक्यातल्या कपाटात अशा वेळेसाठी चार औषधं ठेवलेली असतात. पहिलं 'रूपक'. शूर्पणखा म्हणजे वासना, नाक म्हणजे अहंकार, झालं! दुसरं 'लीला'. देवाचं देवाला ठाऊक, आपण प्रसाद घ्यावा. तिसरं 'त्या काळी तसंच होतं'. हे घेताना त्याच काळातलं बाकी सगळं मात्र त्रिकालाबाधित धरायचं असतं. आणि या तिन्हींनी उतार पडला नाही तर चौथं, अक्षरशः रामबाण : 'प्रक्षिप्त'. म्हणजे मूळ ग्रंथात नसलेलं, मागाहून कुणीतरी घुसडलेलं.

प्रक्षिप्त हे अगदीच भोंदू औषध नव्हे. बालकांड आणि उत्तरकांड बरंचसं मागाहूनचं असावं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. सीतेचा त्याग उत्तरकांडातला. तप केलं एवढ्या अपराधासाठी शंबूक नावाच्या शूद्राचं डोकं रामानं उडवलं, ती गोष्टही तिथलीच. तेव्हा उत्तरकांड बाजूला ठेवलं की रात्री शांत झोप लागते. पंचाईत एवढीच, की त्याच न्यायानं बालकांडही बाजूला ठेवावं लागतं आणि रामजन्म बालकांडात आहे! मग रामनवमीचा सुंठवडा कशाबद्दल खायचा? म्हणून आम्ही तिकडे बघत नाही. आवडलेला मजकूर प्रक्षिप्त निघाल्याचं मी तरी आजवर ऐकलेलं नाही.

मोठ्या मोठ्यांनाही हे जड गेलेलं आहे. आठव्या शतकातल्या भवभूतीनं 'उत्तररामचरित' लिहिलं, त्यात शंबूकावर शस्त्र चालवताना राम स्वतःच्या हाताला निष्ठुर म्हणतो. आणि शेवटी तर कवीनं राम-सीतेची सरळ भेटच घडवून टाकली. तुलसीदासांनी 'रामचरितमानसा'त शंबूक आणि सीतात्याग दोन्ही घेतलेच नाहीत. म्हणजे ग्रंथ पूज्य, पण जिथं टोचतो तिथं टोचतो, हे त्यांनाही कळत होतं.

माझ्या आईची तऱ्हा निराळी होती. चातुर्मासात ती रोज रामायणाची पोथी वाचायची. सीतात्यागाची पानं आली की दोन-तीन पानं एकदम उलटायची. मी लहान असताना ते पकडलं, तर म्हणाली, "चिकटलीयत ती." मी हट्टच धरला तेव्हा चष्मा काढून म्हणाली, "चुकलं त्याचं तिथं. बायकोला असं टाकतात का?"

"मग पूजा कशाला करतेस?"

"तुझे वडील काय चुकत नाहीत? जेवायला वाढतेच ना?"

पुढे मी बरीच पुस्तकं वाचली, व्याख्यानं ऐकली. पण माझी चारही औषधं मिळून या उत्तराची बरोबरी करत नाहीत, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. देव घरचा आहे, घरच्या माणसावर रागवावं आणि घरच्यासारखंच सांभाळून घ्यावं. किती सोयीचं!

त्या दिवशी तपोवनातून आम्ही काळारामाला आलो. पेशवाईत सरदार ओढेकरांनी बांधलेलं हे काळ्या दगडाचं देऊळ. चार दिशांना चार दरवाजे. नातीनं विचारलं, "एका देवळाला चार दारं कशाला?" मी म्हणणार होतो, गर्दीसाठी. पण तपोवनातली चपराक ताजी होती. म्हटलं आज खरं सांगावं.

२ मार्च १९३० ला याच चार दारांशी सत्याग्रह सुरू झाला. नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि इथली आघाडी सांभाळणारे दादासाहेब गायकवाड. हजारो अस्पृश्य बायामाणसं आत जाऊन रामाचं दर्शन घ्यायला आली होती. आतल्यांनी दारं लावून घेतली. रथयात्रेच्या दिवशी दगड पडले. पाच वर्षं मागणी तीच, उत्तर तेच. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला, आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्याला, आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं बाबासाहेबांनी जाहीर केलं, आणि १९५६ साली नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारून ते खरं केलं.

हे सांगताना माझ्याच लक्षात आलं की माझं औषधांचं कपाट त्या माणसांच्या काडीच्या उपयोगाचं नव्हतं. शंबूकाची गोष्ट प्रक्षिप्त असेल. दाराची कडी प्रक्षिप्त नव्हती. ती लोखंडाची होती आणि आतून लावलेली होती. नको ते पान उलटून टाकायची चैन पोथी हातात असलेल्याला परवडते. पान ज्याच्या पाठीवर लिहिलंय त्यानं काय उलटायचं? आणि आईचं ते घरच्यासारखं सांभाळून घेणं! तिच्यापुरतं ते खरंच होतं. ती बाई होती, सीतेचं दुःख तिचं होतं, तिनं रामाला माफ केलं असेल तर तो तिचा हक्क. पण ज्यांना घरातच घेतलं नाही, त्यांनी कुठल्या नात्यानं रागवायचं आणि कुठल्या नात्यानं वाढायचं? शंबूकाच्या वतीनं रामाला माफ करून टाकायला मी कोण?

"मग आता नमस्कार करायचा की नाही?" नातीनं विचारलं. तिला भूक लागली होती. मुद्दा लवकर निकालात निघायला हवा होता.

"मी करतो," मी म्हटलं. "आईनं लावलेली सवय आहे, जात नाही. पण चुकलं ते चुकलं म्हणायचं, मग करायचा. तुझं तू ठरव."

तिनं रामाकडे जरा वेळ रोखून पाहिलं आणि नमस्कार केला. पुरता की अर्धा, ते कळलं नाही.

रात्री मी माळ्यावरून आईची पोथी काढली. पानापानावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. सीतात्यागाची पानं तेवढी कोरी. चिकटलेली मुळीच नव्हती. नातीला ती मोठ्यानं वाचून दाखवली. मध्येच तिनं विचारलं, "हे असं का केलं त्यानं?" सवयीनं 'प्र' माझ्या ओठावर आला होता. तो गिळला.

"चुकलं त्याचं," मी म्हटलं आणि पुढचं पान उलटलं. एकच.