स्मृती आणि साक्ष

एखाद्या जुन्या मैफलीविषयी दोन वृद्ध श्रोते बोलू लागले म्हणजे तिसऱ्याने मुकाट्याने ऐकावे, असा आपल्याकडे परिपाठ आहे. "तुम्ही बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकल्या असतील, आम्ही बालगंधर्व ऐकले आहेत," हे उद्गार ज्या घरात कधी निघाले नाहीत असे सुशिक्षित मराठी घर पूर्वी विरळाच होते. तिसरा गप्प बसतो तो केवळ वडीलकीच्या मानाने नव्हे. ती रात्र उलटून गेलेली असते, आणि सांगणाऱ्याचे म्हणणे ताडून पाहावयास दुसरे साधनच उरलेले नसते. परंतु असे साधन असते तर? ती रात्र पहिल्या सुरापासून अखेरच्या टाळीपर्यंत कोणी जपून ठेविली असती, तर त्या वृद्धांच्या आठवणीची किंमत काय राहिली असती?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील ग्रेटफुल डेड ह्या रॉक वाद्यवृंदाच्या चाहत्यांपुढे तो अक्षरशः उभा राहिला आहे. हा वृंद १९६५ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे उदयास आला आणि १९९५ पर्यंतच्या तीस वर्षांत त्याने सुमारे २,३०० जलसे केले. त्यांची रीत इतर वृंदांहून निराळी होती. आज कोणती गाणी, कोणत्या क्रमाने, किती लांबीची, हे आधी ठरलेले नसे. एकाच गाण्याचा विस्तार एका रात्री सहा मिनिटांत आटोपे, तर दुसऱ्या रात्री अर्ध्या तासावर जाई. ख्यालाच्या श्रोत्यास ह्यात नवल वाटणार नाही. त्यांच्या दोन तालवादकांपैकी मिकी हार्ट यांनी उस्ताद अल्लारखाँ यांच्यापाशी तालाचे पाठ घेतले होते, आणि मुंबईत जन्मलेल्या झाकीर हुसेन यांच्यासह केलेले त्यांचे तालवाद्यांचे मुद्रण १९७६ साली प्रसिद्ध झाले. रोजचा जलसा निराळा, म्हणून चाहते गावोगाव वृंदामागे फिरत. त्यांना 'डेडहेड' म्हणत. ह्या भ्रमंतीस वारीची उपमा देण्याचा मोह आम्ही आवरतो. वारकऱ्यास विठोबा तोच हवा असतो, ह्या मंडळींस तो दररोज नवा हवा असे.

ह्या चाहत्यांनी आणखी एक उद्योग आरंभिला. ते ध्वनिमुद्रणयंत्रे घेऊन जलशास जात. वृंदाने त्यांस हाकून तर दिले नाहीच. उलट १९८४ पासून त्यांच्यासाठी प्रेक्षागृहात स्वतंत्र जागा नेमून दिली. अट एकच, की फिती विकावयाच्या नाहीत, परस्परांत वाटावयाच्या. परिणाम असा झाला, की त्या हजारो रात्रींपैकी बहुतेक आज ज्यास हवी त्यास ऐकावयास मिळते. स्वतः त्या मेळ्यात आम्ही कधी नव्हतो. आमचा परिचय ह्या फितींपुरताच आहे.

आता कल्पना करावी, की साठी उलटलेला एक गृहस्थ चाळीस वर्षे सांगत आला आहे, अमुक गावी अमुक रात्री जेरी गार्सिया यांनी जी गिटार वाजविली तशी पुन्हा कोणी वाजविली नाही. त्याचा मुलगा त्या तारखेची फीत शोधून काढतो आणि दोघे ऐकू लागतात. गायक पहिल्याच कडव्याचे शब्द विसरतो. तंबोऱ्याशिवाय गाणाऱ्यासारखे सूर घसरतात. ज्या गाण्याने बापाचे जन्म पालटला ते त्या रात्री झालेच नव्हते, ते दुसऱ्याच गावी, दोन दिवसांनी झाले होते. बापाने काय करावे? फीत वाईट आहे म्हणावे, की आपण उगाच वेडावलो होतो म्हणावे? पहिल्यात सत्याचा अपलाप होतो. दुसरे दिसावयास प्रामाणिक खरे, पण आमच्या मते तेही तितकेच खोटे आहे. फितीने ध्वनीची साक्ष दिली; श्रोत्याचे काय झाले ह्याविषयी ती मुकी आहे. बापाची चूक एवढीच, की जे आपल्या अंतरी घडले त्याचा दाखला त्याने गार्सियांच्या बोटांत शोधला.

फितीचीही एक लबाडी आहे, ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला जलसा ह्या वृंदाचा सर्वश्रेष्ठ जलसा होय असे कित्येक मानतात. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०११ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत त्यास स्थान दिले. ह्या कीर्तीचे कारण वादन तर आहेच. पण त्या रात्रीचे मुद्रण बेटी कँटर-जॅक्सन ह्या कुशल बाईंनी केले होते आणि त्याच्या प्रती हातोहात पसरल्या, हेही आहे. एखाद्या रात्री ह्याहून सरस वाजले असेल आणि यंत्र बरे नसेल, तर ती रात्र मागे पडली. आणि कॉर्नेलला जे प्रत्यक्ष हजर होते ते मे महिन्यात पडलेल्या बर्फाची गोष्ट सांगतात. ते बर्फ कोणत्याही फितीत नाही.

येथे आमचीही एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. तरुणपणी ऐकलेल्या एका पहाटेच्या गायनाची आठवण आम्ही फार दिवस जपली आहे. तिचे मुद्रण एका स्नेह्याकडे असल्याचे कळले, तेव्हा "पुढे कधी ऐकू" म्हणून आम्ही विषय टाळला. तो स्नेही आता हयात नाही. ह्यास श्रद्धा म्हणावे की भ्याडपणा, हे आम्हांस अजून ठरविता आलेले नाही.

असो. स्मृतीचा अहंकार हा ह्याच्या शेजारचाच विषय. १९८७ साली 'टच ऑफ ग्रे' हे त्यांचे गीत अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेले आणि नव्या श्रोत्यांची रीघ लागली. तेव्हा जुन्यांनी नाके मुरडली. आपण आधी आलो एवढ्यावरच त्यांचा हक्क! आधी जन्मास येणे ह्यात पुरुषार्थ तो कोणता, हे विचारण्याचे धैर्य नव्यांस झाले नसावे.

परंतु जुन्यानव्यांच्या ह्या भांडणापेक्षा एक गंभीर गोष्ट आहे, आणि आठवणींच्या बैठकीत ती सहसा निघत नाही. २ जुलै १९९५ रोजी इंडियाना प्रांतातील डीअर क्रीक येथे तिकीट नसलेला जमाव कुंपण मोडून आत घुसला. त्याच रात्री गार्सिया यांच्या जिवास धोका असल्याची धमकी आलेली होती. दुसऱ्या दिवसाचा जलसा रद्द झाला, आणि वृंदाने चाहत्यांस पत्र लिहून जी तक्रार केली ती केवळ कुंपण मोडणाऱ्यांविषयी नव्हती. तिकीट काढून आत बसलेल्यांनी त्यांस आरोळ्यांनी उत्तेजन दिले, ह्याविषयीही होती. गार्सिया तेव्हा ५२ वर्षांचे होते. १९८६ साली मधुमेहाच्या मूर्च्छेतून ते कसेबसे वाचले होते, आणि मादक द्रव्यांचे व्यसन सुटत नव्हते. त्यांची प्रकृती ढासळत आहे हे पुढच्या रांगेतील प्रत्येकास दिसत होते. तरी तिकिटे संपत होती. श्रोता म्हणेल, मी केवळ ऐकावयास आलो, त्यात माझा काय दोष? आणि खरोखरच एकट्या श्रोत्याकडे बोट दाखविता येत नाही. परंतु ज्या प्रेमामुळे हजारो माणसे एका थकलेल्या मनुष्यास पुन्हा पुन्हा मंचावर उभे करितात, ते प्रेम आठवताना त्याची ही बाजूही आठवली पाहिजे. नाहीतर आठवण ही निव्वळ आपली सोय होते.

त्यानंतर आठच दिवसांत, ९ जुलैस, शिकागोच्या सोल्जर फील्डवर अखेरचा जलसा झाला. तो अखेरचा ठरणार हे कोणास ठाऊक नव्हते. ही फीत आम्ही ऐकली आहे. गार्सियांचा आवाज विरलेला आहे, बोटे अडखळतात. 'सो मेनी रोड्स' ह्या गीताच्या शेवटी मात्र ते एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवू लागतात, आणि फाटक्या आवाजातच असे काही ओढून काढतात, की शास्त्राने पाहता दोष मोजावे आणि मोजता मोजता थांबावे. १९९९ साली वृंदाच्या निवडक मुद्रणांचा जो संच निघाला, त्यास ह्याच गीताचे नाव दिले गेले आणि त्यात ही रात्रही घेतली गेली. निवडणाऱ्यांस त्यातील दोष ऐकू आले नसतील, हे संभवत नाही.

शेवटचे गीत 'बॉक्स ऑफ रेन' झाले. त्याची चाल फिल लेश यांनी आपले वडील मरणाच्या पंथास लागले असता बांधली होती. त्या रात्री गाइलेही त्यांनीच, आणि गार्सिया शेजारी उभे राहून वाजवीत होते. बरोबर एक महिन्याने, ९ ऑगस्टला, गार्सिया वारले. २०२४ च्या ऑक्टोबरात लेशही गेले. फितीवर गीत संपते, टाळ्या होतात, कोणी शीळ घालतो. यंत्राजवळ उभा असलेला कोणीतरी शेजाऱ्यास काही बोलतो, पण शब्द कळत नाहीत.