तेराव्या अध्यायातली विचारपूस



दत्तभक्तहो, मी कीर्तनकार नाही, शास्त्रीही नाही. बी.कॉम. होऊन सारी नोकरी बँकेच्या काउंटरमागे काढलेला कारकून. गेल्या दत्तजयंतीच्या सप्ताहात श्रीमहाराजांनी माझा कान कसा पिळला, तेवढेच सांगतो. ते सांगायला नातवाची परवानगी घेतली आहे.

नातू पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीत आला तो गप्पच. हातात सदा मोबाईल. जेवायला हाक मारली तर आतल्या खोलीतून आईला मेसेज, 'भूक नाही'. मी आपला सुरू : आमच्या वेळी असं नव्हतं, हा मोबाईल आधी नदीत टाका. तो मान हलवायचा आणि दार लावून घ्यायचा. मार्गशीर्षात एक दिवस अचानक बॅग घेऊन दारात उभा. "कॉलेजला सुट्टी आहे," म्हणाला. मी खोलात गेलो नाही. पारायण बसायचं होतं ना!

सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी तेरावा अध्याय आला. आपण सगळ्यांनी तो कितीदा वाचला असेल. पोटशुळाने गांजलेला ब्राह्मण. अन्न पोटात गेले की प्राणांतिक वेदना. शेवटी गोदावरीत जीव द्यायला निघाला. श्रीगुरूंनी शिष्यांना पाठवून त्याला बोलावून घेतले, जीव का देतोस म्हणून विचारले आणि त्याचे दुःख ऐकून घेतले. मग सायंदेवाला सांगितले, याला घरी नेऊन पोटभर जेवू घाल. सायंदेव घाबरला, हा जेवून मेला तर पाप माझ्या माथी! पण श्रीगुरूंनी अभय दिले, आणि त्या जेवणानेच व्यथा गेली.

इतकी वर्षे मी यातला चमत्कारच वाचत होतो. त्या दिवशी विचारपूस दिसली. माणूस नदीकडे निघालाय हे दुरून ओळखणे, त्याला जवळ बोलावणे, त्याच्या तोंडून ऐकणे हे सगळे आधी झाले. जेवण नंतर.

बँकेत संध्याकाळी कॅश दहा रुपयांनी कमी लागली तरी टॅली होईपर्यंत आम्ही घरी जात नसू. एकेक व्हाउचर पुन्हा बघायचे. आणि इथे घरातलं पोर महिनाभर बोलायचं बंद झालं होतं, त्याचा हिशेब मी एकदाही तपासला नव्हता.

त्या रात्री त्याच्या खोलीत नुसता जाऊन बसलो. तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, चल आरतीला, अंधारात मला दिसत नाही. (दिसतं, पण असो.) समोरासमोर बसवलं की ही मुलं मिटतात. शेजारून चालताना, अंधारात, बोलती होतात. परतताना तो बोलला. दोन विषय राहिले होते. घरी सांगायची लाज. मित्रांनी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून काढलेलं. "आजोबा, मी नसलो तरी कुणाला कळणार नाही, असं वाटतं."

माझ्या पोटात गोळा आला. 'वेड्यासारखं बोलू नकोस' हे वाक्य जिभेवर आलं होतं, ते गिळलं. सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का रे?" असं विचारलं तर नसतं खूळ डोक्यात शिरेल, ही भीती आपल्या पिढीला फार. डॉक्टर सांगतात, तसं होत नाही, उलट मन मोकळं होतं. तो थांबला. म्हणाला, "दोनदा वाटलं." मी त्याचा हात धरला, "बरं झालं सांगितलंस." घरापर्यंत तो हात सोडला नाही. ती रात्र त्याच्याच खोलीत झोपलो.

पण त्याआधी १४४१६ ला फोन लावला. टेलिमानस, केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली सेवा. पैसे लागत नाहीत, रात्रंदिवस चालते, मराठीतही बोलतात. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. गल्लीत एकजण म्हणाले, "दत्ताचा अंगारा सोडून डॉक्टर कशाला?" अंगारा लावलाच हो. पण पोटशूळवाल्यालाही श्रीगुरूंनी नुसते दर्शन देऊन परत पाठवले नव्हते.

तो आता पुन्हा कॉलेजात आहे. औषध चालू आहे. एक विषय सुटला, एक बाकी. रोज सकाळी मी पाठवायचो ते दत्ताचे फोटो त्याने म्यूट करून ठेवले होते, हेही त्यानेच हसत सांगितलं. आता फोटो बंद. 'जेवलास का' विचारलं की नुसतं 'हो' येतं, म्हणून 'मेसला आज भाजी कुठली?' असं विचारतो.

गेल्या गुरुवारी आरतीनंतर त्याचाच फोन आला.

"आजोबा, आज शेपू होता."

"मग रे? काय केलंस?"

"खाल्ला. तुम्ही काय जेवलात?"