आनंदाची आज्ञा

चोरी करू नकोस, खोटी साक्ष देऊ नकोस, आईबापांचा मान राख, अशा धर्माज्ञा आपल्या परिचयाच्या असतात. त्या कृतीविषयी असतात, आणि कृती माणसाच्या हातची असते. पण 'आनंद कर' अशी आज्ञा कोणी केली तर? आनंद ही काय हुकमाने होणारी गोष्ट आहे? ज्याच्या घरातले माणूस नुकतेच गेले, ज्याचे पीक हातचे गेले, त्याने केवळ तिथी आली म्हणून हसावे, असे सांगण्यात थोडी निष्ठुरताच नाही का?

यहुदी लोकांच्या तोरा या धर्मग्रंथात ही आज्ञा स्वच्छ शब्दांत दिलेली आहे. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे आपल्याकडे भाद्रपदाची किंवा आश्विनाची पौर्णिमा असते त्याच सुमारास, त्यांचा सुक्कोथ नावाचा सण सुरू होतो. सुक्कोथ म्हणजे मांडव. निर्गमाच्या ग्रंथात या सणाचे मूळ रूप अगदी साधे आहे : शेतातले धान्य गोळा झाले की करायचा वर्षअखेरचा उत्सव. लेवीय ग्रंथाने त्याला मांडव दिला. मिसर देशातून सुटून आलेले पूर्वज मांडवांत राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस मांडवात राहावे, असे तिथे सांगितले आहे. अनुवादाच्या ग्रंथाने मात्र भर दिला तो आनंदावर. आणि आनंद कर एवढे सांगून तो ग्रंथ थांबला नाही. तुझ्याबरोबर आणखी कोणी आनंद करायचा, याची त्याने चक्क यादीच दिली. मुलगा, मुलगी, दास, दासी, जमिनीत वाटा नसलेला लेवी, परका, पोरका आणि विधवा.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर या यादीतच आहे. मनात उमलणाऱ्या भावनेला आज्ञा करता येत नाही, हे खरे. पण पंगतीत कोणाला बसवायचे, याची आज्ञा करता येते. यादीतली शेवटची तीन माणसे पाहा. परक्याला गोत नाही, पोरक्याला बाप नाही, विधवेला आधार नाही. सणाच्या दिवशी ज्यांचे एकटेपण अधिकच बोचते, अशीच ही माणसे आहेत. बाराव्या शतकात मिसर देशात राहून यहुदी धर्मशास्त्राची संहिता सिद्ध करणारे पंडित मायमोनिडीस यांनी तर यावर सरळ निर्णय दिला. जो अंगणाची दारे लावून घेतो, बायकोमुलांसह खातोपितो आणि दुःखी-दरिद्री माणसाला काही देत नाही, त्याने आज्ञा पाळलीच नाही; त्याचा आनंद हा केवळ पोटाचा आनंद होय.

यावर कोणी म्हणेल, यादीत दास आणि दासी आहेतच. सात दिवस पंगतीला बसवून आठव्या दिवशी त्यांना पुन्हा जुंपायचे, हा कसला न्याय? आक्षेप खोटा नाही. या आज्ञेने दास्य संपवले नाही. परंतु त्याच प्रकरणात, तूही मिसर देशात दास होतास हे विसरू नकोस, असे धन्याला बजावलेले आहे. ज्याला दासाच्या मांडीला मांडी लावून जेवताना आपले स्वतःचे दास्य आठवावे लागते, त्याला ती व्यवस्था फार काळ स्वाभाविक वाटू नये. सण अन्याय दूर करीत नाही. पण तो डोळ्यांआड होऊ न देण्याचे काम करू शकतो.

मांडवाची कल्पनाही अशीच खोल आहे. कोठार भरले, घर सुरक्षित आहे, नेमक्या त्याच वेळी घराबाहेर येऊन फांद्यांच्या छपराखाली बसायचे! छपराने उन्हापेक्षा सावली अधिक द्यावी, पण वरचे तारे दिसावेत, अशी परंपरा आहे. संपत्तीच्या शिखरावर माणसाला निवाऱ्याचा तात्पुरतेपणा आठवून दिला जातो. अनेक यहुदी समाजांत याच सणात उपदेशकाचा ग्रंथ वाचतात, आणि त्याचा सूर तर सगळे काही वाफेसारखे विरून जाणारे आहे, असा. गंमत अशी, की पावसाने मांडवात बसणे असह्य झाले, तर घरात जाण्याची मुभा शास्त्रच देते. आनंदाच्या सणात देहाला क्लेश देऊन पुण्य जोडायचे नाही. आपल्या कोकणातल्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आणि म्हणून 'शनवार तेली' म्हणवल्या गेलेल्या मराठीभाषी बेने इस्राएल लोकांचाही हा सण आहे.

आणखी एक गोष्ट जुन्या भाष्यकारांच्या ध्यानात आली. या सणाच्या संदर्भात तोरात आनंदाचा उल्लेख तीनदा येतो. दास्यमुक्तीचा जो वल्हांडण सण, त्याच्या संदर्भात एकदाही नाही. असे का? मुक्ती तर सुगीपेक्षा केवढी तरी मोठी! त्यांनी एक कारण असे दिले, की त्या मुक्तीच्या वेळी मिसरी माणसे मेली होती. शत्रूच्या मरणाचा डाग ज्या दिवसावर आहे, त्या दिवशी आनंदाची आज्ञा कशी करायची? शेतातल्या पिकामागे मात्र कोणाचे मरण नाही. म्हणून आनंद मोकळेपणाने मागितला तो सुगीच्या दिवशी.

आता राहिला दुःखी माणसाचा प्रश्न. नहेम्याच्या ग्रंथात त्याचे उत्तर एका प्रसंगाने दिले आहे. बाबेलच्या बंदिवासानंतर, इराणी बादशहांच्या अमलात, यरुशलेमेत परतलेले लोक एका चौकात जमले. एज्राने तोरा वाचून दाखवला आणि ऐकता ऐकता लोक रडू लागले. त्यांना सांगण्यात आले, रडू नका. गोडधोड खा, आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांना वाटे पाठवा. मग डोंगरावरून फांद्या आणून त्यांनी घरांच्या गच्च्यांवर आणि अंगणांत मांडव घातले.

त्यांची नगरी तेव्हाही विपन्नच होती. दुःख सरले म्हणून ते उठले नाहीत. कोणाच्या तरी घरी वाटा पोहोचवायचा होता म्हणून उठले. रडणाऱ्याला हसण्याची आज्ञा करणे निष्ठुरपणाचे आहे. पण ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याच्याकडे जा, ही आज्ञा रडणाऱ्यालाही पाळता येते. आणि त्याच्या हातून ताट घेणाऱ्या घरी तरी त्या दिवशी सण होतोच.