रोग, दोष आणि संचाराचा अधिकार

समाजरक्षणासाठी निरपराध व्यक्तीला कोंडणे धर्म्य ठरते काय, हा प्रश्न सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्यात 1989 साली उभा राहिला. डॉमिनिक डिसोझा या तरुणाने दान केलेल्या रक्तात एचआयव्ही आढळताच त्याला क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात पोलीस पहाऱ्यात 64 दिवस ठेवण्यात आले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने समाजहिताला प्राधान्य देत त्यामागील कायदा वैध ठरवला. हा निर्णय मनाला पटत नाही, कारण विलगीकरण, म्हणजे रुग्णाला इतरांपासून वेगळे ठेवणे, हवेतून पसरणाऱ्या रोगात समर्थनीय असले तरी शेजारी बसल्याने वा एका ताटात जेवल्याने न पसरणाऱ्या विषाणूच्या बाबतीत ते निव्वळ शिक्षा ठरते. अशा शिक्षेमागे रोग हे पापाचे फळ आहे ही समजूत दडलेली असते. परंतु कर्मविपाक, म्हणजे कर्माचे फळ आपोआप मिळते हा सिद्धांत, मान्य केला तरी ते फळ देण्याचा अधिकार शेजाऱ्याला किंवा राज्यसंस्थेला त्यातून मिळत नाही. संसदेच्या 2017 च्या कायद्याने एचआयव्हीबाधित व्यक्तींच्या संचारात व निवासात भेदभाव करण्यास मनाई केली. आखातात नोकरीला निघालेल्या कोकणी तरुणाला मात्र निवास परवान्यासाठी आजही एचआयव्हीची चाचणी द्यावी लागते, आणि नियमित औषधाने विषाणू मोजता न येण्याइतका घटला असला, म्हणजेच लैंगिक संबंधातूनही संसर्ग होत नसला, तरी त्याला परवाना नाकारला जातो.