परक्या उंबरठ्याच्या आत

यात्रा आणि पर्यटन या दोन शब्दांमध्ये मराठी मनाने पूर्वापार एक सीमारेषा मानली आहे. यात्रेकरू देवाला भेटायला जातो, पर्यटक स्थळ पाहायला जातो. पहिल्याच्या गाठीला नवस असतो, व्रत असते, पितरांचे ऋण असते. दुसऱ्याच्या हाती तिकीट आणि वेळापत्रक. परंतु ही रेषा वाटते तितकी पक्की नाही. केवळ पाहायला म्हणून गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या धर्मस्थानात एखादा क्षण अवचित गाठतो. कोलोनच्या कॅथीड्रलमध्ये किंवा रोमच्या सेंट पीटर्समध्ये छायाचित्रे घेता घेता एखादे मराठी जोडपे एकाएकी मुके होते, आणि घरी परतल्यावर ‘तिथे काहीतरी झाले’ यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही. त्या क्षणाचे मोल काय, आणि तो नेमका कुणाचा, हा प्रश्न विचारण्यासाठी मात्र युरोपात जाण्याची गरज नाही. तो लखनौमध्येही विचारता येतो. किंबहुना तेथे तो अधिक टोकदार होतो.

अयोध्या-काशीच्या वाटेवर महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे एक दिवस लखनौला देतात, आणि त्या दिवसाचा मोठा भाग बडा इमामबाडा घेतो. १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून नवाब असफउद्दौला याने ही वास्तू उभारण्यास प्रारंभ केला. तिचा मधला दिवाणखाना सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद आहे, आणि एवढ्या मोठ्या छताला ना तुळई आहे ना मधला खांब. वर भुलभुलैया आहे. एका टोकाला काडी ओढली की दुसऱ्या टोकाला ती ऐकू येते, हे वाटाडे हौसेने दाखवतात, आणि पाहणारेही हौसेनेच पाहतात. अशा वेळी पतीचे लक्ष छताच्या करामतीत गुंतलेले असावे, आणि पत्नीने मात्र खाली ताजियांपाशी, नवाबाच्या साध्या थडग्याजवळ, काही न बोलता उभे राहावे, हे सहज घडू शकते. पाहण्यासारखे तेथे फारसे काही नसते. तरी तिचा पाय निघत नाही.

या थांबण्याचा एक खुलासा तत्काळ पुढे येतो: हा वास्तुकलेचा परिणाम आहे. उंची, गारवा, मंद उजेड आणि घुमणारा आवाज यांनी कोणाचेही मन नमते. त्यात अध्यात्म शोधू नये. या खुलाशात तथ्य आहे, पण तो पुरा पडत नाही. तीच उंची आणि तोच गारवा शेजारी उभ्या असलेल्या पतीलाही लाभलेला असतो. शिवाय ही वास्तू केवळ विटा-चुन्याची नाही. इसवी सन ६८० मध्ये करबलाच्या मैदानात हुसेन आणि त्यांचे मूठभर सोबती तहानेने व्याकूळ होऊन मारले गेले; त्या शोकासाठी मुहर्रममध्ये येथे मजलिस भरते. दोन शतकांहून अधिक काळ माणसे येथे येऊन रडली आहेत. ज्या जागी पिढ्यान्‌पिढ्या शोक झाला, त्या जागेची शांतता आणि रिकाम्या गोदामाची शांतता एकच नव्हे.

रुडॉल्फ ओटो या जर्मन धर्मचिंतकाचा अनुभव येथे साक्षीला घेता येतो. पंथाने ल्यूथरन असलेला हा प्रवासी १९११ मध्ये मोरोक्कोतील मोगादोर गावी एका साध्या सिनेगॉगमध्ये गेला, आणि तेथील प्रार्थनेतील पावित्र्याचा त्रिवार उच्चार ऐकून तो अंतर्बाह्य हालला. पुढे १९१७ मध्ये पावित्र्याच्या अनुभवावर त्याने जो ग्रंथ लिहिला, त्यामागे त्या परक्या प्रार्थनागृहातील क्षणाचे स्मरण होते, असे मानले जाते. परक्या उंबरठ्याच्या आत आलेला अनुभव खोटाच असला पाहिजे, असे म्हणणे त्यामुळे कठीण होते.

पण तो खरा आहे एवढ्याने प्रश्न मिटत नाही. ‘शेवटी सगळे धर्म एकच’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह येथे होतो. तो टाळणे प्रामाणिकपणाचे आहे. ताजियापाशी क्षणभर थांबलेली स्त्री आणि छाती पिटून हुसेनचा शोक करणारी लखनौची वृद्धा यांचे दुःख एक नाही. दुसरीने ते दुःख आयुष्यभर वाहिले आहे. पहिलीला त्याचा केवळ स्पर्श झाला आहे. एका घरात, एका संसारातही अनुभव उसना देता येत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी तो स्वीकारला १९०० मध्ये, मधली वर्षे स्वतःच्या पायांनी चालून. पतीचा साक्षात्कार पत्नीच्या कामी येत नसेल, तर परक्यांचा शोक एका दुपारीत आपला कसा होईल?

मग पर्यटकाच्या वाट्याला काय येते? या प्रश्नावर मराठी परंपरेजवळ एक कठोर कसोटी आहे. चोखामेळ्याची समाधी पंढरपूरच्या मंदिरात नाही; ती महाद्वाराच्या पायऱ्यांशी आहे. ज्याची निष्ठा निर्विवाद होती, तो आयुष्यभर बाहेर राहिला, आणि त्याच्या लोकांना ते दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. एकीकडे निष्ठा असून प्रवेश नाही. दुसरीकडे निष्ठा नसून, तिकीट काढले की प्रवेश आहे. हे दोन्ही चित्र शेजारी ठेवले की पर्यटकाला मिळालेली मुभा केवढी मोठी आहे, हे ध्यानात येते. ती त्याने कमावलेली नसते. तो एक पाहुणचार असतो.

आगीनंतर पुन्हा बांधलेले पॅरिसचे नोत्रदाम २०२४ च्या डिसेंबरात उघडले. त्याआधी काही आठवडे तेथे पर्यटकांकडून प्रवेशमूल्य घ्यावे, अशी सूचना फ्रान्सच्या संस्कृतिमंत्र्यांनी केली होती, आणि पॅरिसच्या धर्मप्रांताने तिला विरोध केला. चर्चचे दार सर्वांना विनामूल्य खुले असावे, ही त्यांची भूमिका. तिकिटाने वास्तूची डागडुजी होते, हे खरे. इमामबाड्यातही तिकीट आहेच. परंतु तिकिटामुळे पाहुण्याला एक भ्रम होऊ शकतो: आपण दाम मोजले, हिशेब फिटला. तो थांबण्याचा क्षण मात्र तिकिटात धरलेला नसतो. तो दुसऱ्यांच्या साठलेल्या श्रद्धेतून मिळालेला असतो. म्हणजे ते ऋण असते.

हे ऋण त्या जागी फिटत नाही. फार तर तेथे आवाज खाली ठेवता येतो, छायाचित्राचा मोह आवरता येतो. त्याची खरी परतफेड घरी होते. महाराष्ट्रातील कित्येक गावांत मुहर्रमच्या ताबुतांना हिंदूंचेही खांदे लागत आले आहेत. शेजाऱ्याचा शोक हा आपल्या गल्लीतून जाणारा शोक होता. आज युरोपातील कॅथीड्रलमध्ये ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांतील अनेकांनी आपल्या शहरातील चर्चची पायरी कधी चढलेली नसते. करबलाची कथा ऐकून गलबलणाऱ्याला शेजारच्या मोहल्ल्यातील घराचे नावही ठाऊक नसते. दूरच्या परक्याविषयीचा आदर सोपा असतो, कारण तो काही मागत नाही. जवळचा परका रोज मागतो: भाड्याने घर मागतो, वर्गात शेजारची जागा मागतो, मिरवणुकीला वाट मागतो. लखनौच्या त्या दिवाणखान्यात जो क्षण मिळाला तो खरा होता की नाही, याचा निवाडा तेथे उभे असताना करता येत नाही. असा शेजारी दाराशी येतो आणि दार उघडावे की नाही हे ठरवावे लागते, तेव्हा तो होतो.